यिर्मयाला ते शेत कसायला मिळालं का? यिर्मया ३२ वर उपदेश करू पाहणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मंडळीत बहुतेक शेतकरी घरं. सलग दोन हंगाम हातचे गेलेत आणि एका कुटुंबाने नुकतीच तीन एकर जमीन विकली. अशा वेळी पाळकसाहेबांनी तुम्हाला यिर्मया ३२ वर, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायावर, उपदेश करायला आणि पाठोपाठ चार बुधवार अभ्यास घ्यायला सांगितलंय. शहराला वेढा पडलेला असताना संदेष्टा शेत विकत घेतो, म्हणजे उतारा आशेचा आहे, हे तुम्हाला दिसतं. पण जमीन विकून बसलेल्यांसमोर जमीन घेतल्याची गोष्ट कशी सांगावी? आणि ती आशा त्या काळच्या यहूद्यांना दिलेली, ती आपली कशी म्हणावी?

मी गेली पंचवीसेक वर्षं जुना करार शिकवतो आणि खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत उपदेशालाही जातो. तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी मला एक भीती दिसते: आपल्या तोंडून खोटा दिलासा जाऊ नये. ही भीती योग्य आहे. ती घालवू नका, तिला हाताशी धरूनच उतारा वाचा.

मी स्वतः हा उतारा पहिल्यांदा सांगितला तेव्हा ही भीती मला नव्हती. दुष्काळी पट्ट्यातलं एक गाव होतं. "यिर्मयाने विश्वासाने शेत घेतलं, देवाने शब्द पाळला, तुमचीही शेतं देव हिरवी करील," असं मी मोठ्या उमेदीने सांगितलं. उपासना संपल्यावर दाराशी एका आजींनी माझा हात धरून विचारलं, "पाळकबाबा, यिर्मयाला ते शेत कसायला मिळालं का हो?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुढचे अध्याय वाचले. नाही मिळालं. शहर पडलं. पुढे उरलेल्या लोकांनी त्याला आणि त्याचा लेखनिक बारूख याला मिसरात, म्हणजे इजिप्तात, नेलं, तहपन्हेसला. ते यिर्मया ४३ मध्ये आहे. त्या शेतात त्याने कधी नांगर घातल्याची एक ओळही शास्त्रात नाही. त्या दिवसापासून मी हा उतारा आजींच्या प्रश्नावरून वाचत आलो आहे, आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

आधी वेळ आणि जागा पक्की करा. यहूदाचा राजा सिद्कीया याचं दहावं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५८८-५८७ चा सुमार. बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याच्या सैन्याचा यरुशलेमेला वेढा आहे, चढाईसाठी रचलेले मातीचे मोर्चे तटाला लागलेत. यिर्मया राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे, कारण शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलकरांच्या, हाती जाणार असं तो उघडपणे सांगतो. ३७:२१ वाचलंत तर कळेल की या चौकात त्याला भटारआळीतून रोज एक भाकर मिळे, तीही शहरातली भाकर संपेपर्यंत. अशा शहरात चांदी म्हणजे उद्याचं पोट.

तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत घे, जवळचा नातेवाईक म्हणून ते सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमेच्या ईशान्येला जेमतेम पाच किलोमीटरवर. म्हणजे शेत वेढ्याच्या बाहेर, शत्रूच्या फौजेकडे. हनामेल आत कसा आला, हे उतारा सांगत नाही. मिसरी फौजेच्या बातमीने वेढा मध्ये काही काळ उठला होता, हे ३७:५ मध्ये आहे. त्याच सुमारास यिर्मया बिन्यामीन प्रांतात आपल्या वाट्यासाठी निघाला आणि वेशीवर पकडला गेला. या दोन प्रसंगांचा नेमका क्रम काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. उपदेशात त्यात शिरू नका, बुधवारी शिरा.

मात्र एक गोष्ट उपदेशात जरूर आणा. याच अनाथोथच्या माणसांनी पूर्वी त्याला धमकी दिली होती: परमेश्वराच्या नावाने संदेश देऊ नकोस, नाहीतर आमच्या हातून मरशील. ११:२१ पाहा. जी भावकी जिवावर उठली होती तीच आता अडचणीत आहे आणि नको असलेली जमीन त्याच्या गळ्यात घालते आहे. तुमच्या मंडळीत भावकी हा शब्द उच्चारलात की अर्ध्या लोकांच्या डोळ्यांपुढे आपापला बांध येईल. इथे स्पष्टीकरणाची गरजच नाही.

आता ३२:८. माझ्या मते अख्ख्या अध्यायाची किल्ली इथे आहे आणि बहुतेक उपदेशक ती ओलांडून जातात. हनामेल येणार असं देवाने आधी सांगितलं होतं. पण हनामेल खरोखर येऊन उभा राहतो, तेव्हा यिर्मया लिहितो, "तेव्हा मला कळलं की हे परमेश्वराचं वचन होतं." तेव्हा कळलं! ज्या संदेष्ट्याने चाळीसेक वर्षं "परमेश्वर असं म्हणतो" सांगितलं, त्याच्याही कानावर आलेली एक गोष्ट दारात माणूस उभा राहीपर्यंत खात्रीची नव्हती. "मला देवाने सांगितलं" हे आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. तरुणांच्या वर्गात या एका वचनावर पाऊण तास घालवा, कमी पडेल.

मग व्यवहार येतो, आणि लेखक एकदम सावकाश लिहू लागतो. रक्कम, मोहर, साक्षीदार, तराजू. नाणी तेव्हा यहूदात चलनात नव्हती, चांदी तोलून देत. उत्खननांत सापडलेल्या दगडी वजनांवरून एक शेकेल साधारण ११.४ ग्रॅम धरतात, म्हणजे जवळपास आपला तोळाच. यिर्मयाने मोजलेले सतरा शेकेल म्हणजे साडेसोळा तोळे चांदी. शेत केवढं होतं ते दिलेलं नाही, म्हणून सौदा स्वस्तात झाला की महागात, यावर काही बोलू नका. अब्राहामाने मकपेलाच्या शेताला चारशे शेकेल मोजले होते, असली तुलनाही करू नका. काळ वेगळा, जमीन वेगळी.

खरेदीखताच्या दोन प्रती होतात, एक मोहरबंद आणि एक उघडी. उघडी प्रत वाचायला, आणि तिच्यात कुणी खाडाखोड केली तर मोहर फोडून खरं काय ते पाहायला दुसरी. ही पद्धत पुढेही शतकानुशतकं टिकली. मृत समुद्राजवळच्या नाहाल हेवेरच्या गुहेत १९६१ साली बाबथा नावाच्या यहूदी बाईची इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली कागदपत्रं सापडली, त्यांत असे दुहेरी लिहिलेले दस्त आहेत. यिर्मयाचे दोन्ही दस्त बारूखाच्या हाती दिले जातात आणि मातीच्या भांड्यात घालायला सांगितले जातात, "पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून." या चार शब्दांवर थांबा. कागद भांड्यात घालायला लावणारा देव असं सांगतोय की हे लवकर होणार नाही. २९व्या अध्यायात बाबेलात गेलेल्यांना तो सत्तर वर्षं म्हणतो. म्हणजे ज्याने सही केली तो ते पाहणार नाही. आजींच्या प्रश्नाचं उत्तर या मातीच्या भांड्यातच होतं, मला ते दिसलं नव्हतं.

तुमच्या मंडळीतल्या प्रत्येक कर्त्या माणसाने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तासन्‌तास काढले आहेत. खरेदीखत म्हणजे काय, साक्षीदाराची सही का लागते, कागद पेटीत तळाशी का ठेवतात, हे त्यांना शहरातल्या पंडितापेक्षा जास्त कळतं. त्यांच्याकडून ऐका. बुधवारी एखाद्या जाणत्याला विचारा, जमिनीचा कागद कुणासाठी जपता? तो म्हणेल, पोरांसाठी.

मग १५वं वचन येतं: या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील. "पुन्हा" याला हिब्रूत "ओद" हा छोटासा शब्द आहे. त्याचा अर्थ "अजूनही" असाही होतो. आणि देव इथे काय देऊ करतो ते पाहा. सिंहासन नाही, सैन्य नाही, बाबेलवर सूड नाही. लोक पुन्हा जमिनीचे व्यवहार करतील, बस्स. रोजचं साधं जगणं परत येईल. मला हे शास्त्रातल्या सर्वांत कोमल आश्वासनांपैकी एक वाटतं.

इथे बहुतेक उपदेश संपतात, आणि त्याला एक कारणही आहे. अनेक मंडळ्या वापरतात त्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात हे वाचन पंधराव्या वचनालाच थांबतं. यहूदी सभास्थानांतली परंपरा वेगळी आहे. तिथे लेवीय २५ च्या आठवड्यात, म्हणजे जमीन सोडवण्याचे नियम वाचले जातात तेव्हा, यिर्मया ३२:६ ते २७ वाचतात. नियम आणि त्याचं पालन शेजारी शेजारी. कोकणातून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांच्या सभास्थानांतही संदेष्ट्यांच्या वाचनाची ही रीत आहे. हे शास्त्र आपल्याआधी त्यांचं आहे, हे बोलताना मनात असू द्या. तुम्ही निदान २७ पर्यंत जा. का, ते सांगतो.

सह्या झाल्या, कागद बारूखाच्या हाती गेला, आणि मग यिर्मया प्रार्थना करतो. तिची सुरुवात "आहाह" या उद्गाराने होते. आपण कण्हताना काढतो तसाच आवाज. तो सृष्टी आठवतो, मिसरातून सुटका आठवतो, "तुला काही अशक्य नाही" असं म्हणतो. मग त्याचं लक्ष मोर्च्यांकडे जातं: हे पाहा, ते तटापर्यंत आले. आणि शेवटचं वाक्य असं: शहर तर खास्द्यांच्या हाती दिलंय, आणि तू मला म्हणतोस, रोकडीने शेत घे, साक्षीदार घे! प्रार्थना तिथेच तुटते. आमेन नाही. माणसाने आज्ञा पाळली, पैसे मोजले, आणि त्यानंतरही त्याला हे कळलेलं नाही.

जमीन विकलेल्या घराला हे ऐकायला मिळालं पाहिजे. पंधराव्या वचनाला थांबलात तर त्यांच्या वाट्याला फक्त न डगमगणारा संदेष्टा येतो, आणि ते मनात म्हणतात, आम्ही काही तसे नाही. पंचविसावं वचन वाचलंत तर त्यांना त्यांच्यासारखाच माणूस सापडतो.

देवाचं उत्तरही नीट ऐका. यिर्मयाने सतराव्या वचनात जे क्रियापद वापरलं तेच देव सत्ताविसाव्यात प्रश्न म्हणून परत करतो: मला काही अशक्य आहे काय? हिब्रू शब्दात "अद्‌भुत" आणि "आवाक्याबाहेरचं" हे दोन्ही अर्थ आहेत. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून अब्राहामाची बायको सारा तंबूत हसली तेव्हा उत्पत्ती १८:१४ मध्ये हाच प्रश्न आला होता. अभ्यासात या दोन जागा शेजारी ठेवा. मराठी भाषांतरंही शेजारी ठेवून पाहा. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू शिकून केलेलं भाषांतर मिळालं तर तेही. शब्द कुठे बदलतो ते मुलांना शोधू द्या. हिब्रू येत नसलं तरी एवढं करता येतं.

पुढची २८ ते ३५ वचनं कडू आहेत. शहर जळेल, कारण गच्च्यांवर बआलाला धूप दाखवला गेला, हिन्नोमाच्या खोऱ्यात पोरं अग्नीत दिली गेली. हा भाग वगळू नका, पण तुमच्या परिस्थितीत तो फार जपून सांगा. यरुशलेमेचा नाश तिच्या पापामुळे झाला असं यिर्मया म्हणतो. तुमच्या गावचा दुष्काळ गावाच्या पापामुळे पडला असं तो म्हणत नाही, आणि तुम्हालाही तसं म्हणायचा अधिकार हा उतारा देत नाही. हे वाक्य उपदेशात स्पष्ट उच्चारा. कुणीतरी त्या घराला नाहीतर दुसऱ्या एखाद्या घराला हे आधीच सुनावलेलं असतं, हा माझा अनुभव आहे.

मग ३६ पासून वळण येतं. सनातन करार, एकच हृदय, आणि ४१व्या वचनात देव स्वतःबद्दल म्हणतो की मी त्यांना या देशात "संपूर्ण मनाने व संपूर्ण जिवाने" रोवीन. देवावर असं प्रेम करायला अनुवाद या पुस्तकात (६:५) माणसाला सांगितलेलं आहे. इथे तेच शब्द देव स्वतःला लावतो. शेवटच्या वचनात पुन्हा खरेदीखतं येतात, आणि प्रदेशांची यादी बिन्यामीनपासून सुरू होते; अनाथोथ याच प्रांतातलं. १७:२६ ताडून पाहा, तिथे यहूदाची नगरं आधी येतात. इथे अनाथोथची माती आधी.

आतापर्यंतचं थोडक्यात धरायचं तर: आशेची किंमत मोजणारा माणूस आणि तिचा उपभोग घेणारी माणसं वेगळी आहेत, आणि मोजणाऱ्याला त्या वेळी ते पुरतं कळलेलंही नाही.

हे स्पष्ट व्हायला २८व्या अध्यायातला हनन्या मदतीला घ्या. तोही परमेश्वराच्या नावाने बोलतो, तोही आशा सांगतो, आणि यिर्मयापेक्षा गोड सांगतो: दोन वर्षांत सगळं परत येईल. त्याच्या आशेला मुदत आहे, खर्च नाही. यिर्मयाची आशा लांबची आहे आणि तिच्यासाठी त्याने चांदी तोलून दिली. मी उपदेश लिहून झाला की तो या कसोटीवर तपासतो: यातलं कुठलं वाक्य हनन्याला आनंदाने म्हणता आलं असतं? ते वाक्य मी खोडतो. "पुढच्या पावसाळ्यात देव भरभरून देईल" हे वाक्य त्यातच बसतं, ताई, कितीही मनापासून म्हटलं तरी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ही आशा आपली कशी? हे थोडं तुमच्या मंडळीच्या शिकवणुकीवर आणि तुमच्याकडे किती वेळ आहे यावर अवलंबून आहे. पण शेतावरून थेट ख्रिस्ताकडे उडी मारू नका. वचन आधी ज्यांना दिलं गेलं त्यांच्याकडे जाऊन या. एज्रा २:२३ मध्ये बंदिवासातून परतलेल्यांची यादी आहे, कंटाळवाणी म्हणून कुणी वाचत नाही. तिच्यात आहे: अनाथोथचे लोक, १२८. हनामेलच्या शेताचं पुढे काय झालं ते आपल्याला कळत नाही, पण त्या गावात पुन्हा चुली पेटल्या. मी ही ओळ वाचून दाखवली तेव्हा मंडळीत कुणी हललं नाही. वचन आधी तिथे खरं ठरलं. त्यानंतर आपल्याकडे येतं.

येतं ते कराराच्या वाटेने. सनातन करार म्हटला की यिर्मया ३१:३१चा नवा करार आठवतो, आणि प्रभुभोजनाच्या मेजावर लूक २२:२० मध्ये प्रभू तोच शब्द उच्चारतो. दुसरी वाट इब्री ११:१३ची: वचनांची फलप्राप्ती न होता, ती दुरून पाहून मेलेली माणसं. तिसरी मला शेतकरी मंडळीत सर्वांत जवळची वाटते. २ करिंथ १:२२ मध्ये पौल म्हणतो की देवाने आपल्यावर शिक्का मारला आणि आत्मा हा विसार दिला. विसार म्हणजे काय, हे तुमच्या लोकांना सांगावं लागणार नाही. मात्र पौल तिथे यिर्मयाचा दाखला देत नाही, तो बाजारातलाच शब्द वापरतो. म्हणून "यिर्मयाची भविष्यवाणी इथे पूर्ण झाली" असं म्हणू नका. दोन्हीकडे देव व्यवहाराच्या भाषेत शब्द देतो, एवढंच म्हणा. मत्तय २७:९ बद्दल कुणी ना कुणी विचारेलच, कारण तिथे कुंभाराच्या शेताच्या प्रसंगी यिर्मयाचं नाव आहे आणि तीस रुप्यांचे शब्द मात्र जखऱ्या ११ शी जुळतात. तो चौथ्या बुधवारचा विषय करा, उपदेशात आणलात तर सगळं तिकडेच वाहून जाईल.

एक इशारा. जुन्या अनाथोथचं नाव आज अनाता या पॅलेस्टिनी गावात टिकून आहे. आजच्या तिथल्या जमिनीच्या वादात हे खरेदीखत कुणाच्या बाजूने नाचवू नका. अडचणीतल्या नातेवाइकाची जमीन हक्क पाळून, रोख मोजून, साक्षीदारांसमोर घेतल्याची ही गोष्ट आहे.

राहिलं ते घर. उपदेशाआधी एकदा त्यांच्याकडे जाऊन या, वही न घेता. मी रविवारी या अध्यायावर बोलणार आहे, त्यात जमीन येते, तुम्हाला चालेल का, असं विचारा. त्यांनी नको म्हटलं तर पाळकसाहेबांना सांगून हा उतारा पुढे ढकला; तो अडीच हजार वर्षं भांड्यात टिकलाय, आणखी एक महिना टिकेल. त्यांनी हो म्हटलं, तरी त्यांचा उल्लेख करू नका. आणि यिर्मया घेणारा होता एवढंच सांगून थांबू नका, हनामेलकडेही पाहा. त्याला विकावं लागलं. उतारा त्याला एका शब्दाने दोष देत नाही. देवाने आपल्या संदेष्ट्याला सांगितलं, तो येईल, त्याचं शेत घे. म्हणजेच, विकणाऱ्याला परत पाठवायचं नाही. कदाचित त्या घराला या अध्यायात पहिल्यांदा हेच दिसेल, आणि मंडळीला ते दिसलं तर पुढची जमीन गावाबाहेरच्या दलालाकडे जाण्याआधी कुणी विचारायला तरी येईल.

झाल्यावर जरूर लिहा. उपदेश कसा झाला ते राहू द्या, दाराशी कुणी काय विचारलं तेवढं लिहा.